धाकटीनं दादासाठी स्थळ शोधलं आणि दारात द्राक्षाचा व्यापारी आला

द्राक्षवेल | २१ जानेवारी, रात्री ९.४०

माझ्या भावाच्या घरी रविवारपासून एका बायोडाट्यावरून दोन तट पडलेत. तो लिहिला पंधरा वर्षांच्या मुलीनं, आपल्या दादासाठी, घरात कुणालाही न विचारता. त्यातून जो घोळ झाला तो आधी सांगते, हसण्यासारखा आहेच. पण माझा प्रश्न शेवटी आहे, तिथपर्यंत वाचा.

माहेर तासगाव तालुक्यातलं. भावाला तीन मुलं. थोरला ३० वर्षांचा, बीएस्सी ॲग्री, घरची साडेतीन एकर द्राक्षबाग तोच बघतो. मधलीचं लग्न झालंय. धाकटी, आमचं शेंडेफळ, नववीत आहे. थोरल्यासाठी बरीच स्थळं बघून झाली. सगळीकडून एकच निरोप: मुलगा चांगला, घर चांगलं, पण शेती. एका ठिकाणी तर 'पुण्यात वर्षभर नोकरी धरा, लग्न झालं की सोडा' असं सुचवलं. थोरला यावर काही बोलत नाही, उठून बागेत जातो. आणि धाकटी हे सगळं माजघरात अभ्यास करता करता ऐकत आलीय.

तिनं मोबाइलवर बायोडाटा बनवला. वर गणपती, बाजूला कलश, सगळं रीतसर. भावाचा फोन घेतला आणि रात्री वधू-वर ग्रुपवर टाकून दिला. सोबत थोरल्याचा एक फोटो, बागेत उभा, दोन्ही हातांत घड धरलेले, चेहरा निम्मा पानांआड. खाली ओळ: 'लवकर ठरवायचे आहे. प्रत्यक्ष येऊन बघावे. पसंत पडल्यास लगेच बोलणी.' आणि भावाचा नंबर.

गेला तो मेसेज द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर. भावाच्या फोनमध्ये दोन्ही ग्रुप एकाखाली एक, दोन्हींवर गणपतीचाच फोटो. बायोडाट्याची पीडीएफ उघडायच्या फंदात कोण पडतंय? लोकांनी फोटो बघितला, ओळ वाचली आणि पुढं ढकलली.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन. "तुमचा मेसेज मिळाला. ऐतवारी बघायला येऊ का? तिघं जण असू." भावानं घरात विचारलं, कसला मेसेज? धाकटीनं अभिमानानं सांगितलं, मी दादाचा बायोडाटा टाकलाय. झालं. हल्ली मुलीकडचेच आधी घर आणि शेत बघून जातात, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. फक्त आमची आई म्हणाली, पौषात कसली बोलणी करता. भाऊ म्हणाला, बघू तर देत, बोलणी माघात करू. मला फोन आला, 'आत्या, तू ये.' मी पिंपरीहून शनिवारीच पोचले. ओसरी सारवून झाली, पोहे, शिरा, थोरल्याला नवा शर्ट.

रविवारी तीन पुरुष आले. बायका नाहीत म्हणून वहिनी जरा खट्टू झाली. मी आतल्या दारात उभी होते, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"माल तयार हाय म्हणं?" मोठे पाहुणे बसता बसता म्हणाले.

भावाला शब्द खटकला, पण एकेकाची बोलायची पद्धत. "आमी कवापास्नं तयार हाय की."

"साखर किती हाय?"

भाऊ एकदम सावरून बसला. "न्हाई न्हाई. आमच्या घराण्यात कुणालाच शुगर न्हाई. आमची आई ऐंशीच्या पुढं हाय, आजून च्यात दोन चमचं घालती."

पाहुण्यांनी जोडीदाराकडं बघितलं. "बरं. औषधं किती झाली?"

आता वहिनीला राहवेना. दाराआडून म्हणाली, "ल्हानपणी टायफॉइड झाला तेवढंच. त्यानंतर डाक्टरची पायरी चढला न्हाई."

"म्हंजे बाहेर पाठवायजोगा हाय."

वहिनीचे डोळेच भरले. "येकुलता येक हाय ओ. बाहेर न्हाई पाठवायचा. हितंच, नजरंसमोर."

"ऱ्हाऊ दे की मग. लोकलला बी दर बरा हाय सध्या."

दर म्हटल्यावर भाऊ गप्पच झाला. तेवढ्यात पाहुण्यांनी खिशातून नोटांचं पुडकं काढून पोह्याच्या ताटलीशेजारी ठेवलं. "ह्यो इसार धरा. बाकीचं तोडणीला."

भाऊ ताडकन उठला. "पाव्हणं, आदी ते आत ठेवा. आमच्यात हुंडा घेत न्हाईत. मुलगी आन् नारळ, बास."

ओसरीवर कुणालाच काही सुचेना. बरोबरचा पोरगा हातातलं साखर मोजायचं यंत्र चाळवत म्हणाला, "काका, पन प्लॉट तरी बघू द्या." आणि त्याच वेळी थोरला नवा शर्ट घालून बाहेर आला. व्यापाऱ्यांनी त्याला ओळखलं, त्यानं व्यापाऱ्यांना ओळखलं. त्यानं यंत्र बघितलं, नोटा बघितल्या, शिरा बघितला आणि खांबाला धरून हसत सुटला. "बाबा, ही मला बघायला न्हाई आली. बाग बघायला आलीत."

हसणं ओसरल्यावर व्यापारी म्हणाले, "पोरीनं लिवलंय तरी काय, बघू." धाकटीनं भीत भीत फोन दिला. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. घरातल्या मोठ्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं ते असं. मी तिच्याकडून घेऊन जसंच्या तसं देते, नाव-गाव वगळून (बाग 'धरणं' म्हणजे त्या हंगामात तिचं पीक घेणं):

'व्यवसाय: द्राक्षबाग. साडेतीन एकर. पैकी एक एकर यंदा धरलेली नाही.
उत्पन्न: पाऊस नाही आला तर चांगले. आला तर नाही.
कर्ज: सोसायटीचे आहे. दादा फेडतो.
रंग: उन्हामुळे.
स्वभाव: कमी बोलतो. पण मी रडले की पहिला विचारतो.
छंद: रात्री हवामान बघणे.
अपेक्षा: मुलगी शिकलेली. शेतात गेलेच पाहिजे असे नाही. आई जाते म्हणून तिने जावे असेही नाही. नोकरी असेल तर दादा सकाळी गाडीवरून स्टँडवर सोडेल. वरची खोली वेगळी आहे. संडास घरात आहे. दादाशी भांडण झाले तर मी तिच्या बाजूने असेन.'

कर्जाच्या ओळीला व्यापारी जरा थांबले होते, मग त्यांनी तीही वाचली. पुढं बाग बघितली, साखर मोजली, सौदा ठरला आणि शिरा परत मागून खाऊन गेले.

आता तट. भाऊ-वहिनीचं म्हणणं, कर्जाची आणि पावसाची ओळ काढायची, 'प्रगतिशील बागायतदार' लिहायचं आणि उत्पन्नाचा भरघोस आकडा टाकायचा. थोरला म्हणतो, एक अक्षर बदलायचं नाही. मी थोरल्याच्या बाजूची आहे. इतकी वर्षं मोठ्यांनी जे झाकून स्थळं बघितली ते त्या पोरीनं दहा ओळींत मांडलं, आणि त्यात माझा भाचा मला जसा आहे तसा दिसला. ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली आहेत किंवा ज्या स्वतः स्थळं बघताहेत त्यांनी सांगा: असा बायोडाटा हातात आला तर पुढं बोलाल का?

---

बोरीबाभळी | २१ जानेवारी, रात्री १०.०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! 'आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नाही' इथं मी फुटले, नवरा उठून विचारायला आला. त्यालाही वाचून दाखवलं. आता तोही बसलाय पुढच्या प्रतिसादांची वाट बघत.

माझं मत: एक शब्द बदलू नका. 'रंग: उन्हामुळे' तर मुळीच नाही.

---

मु_पो_गुहागर | २१ जानेवारी, रात्री १०.३१

पौषात बघायला बोलावलं की असंच व्हायचं, असं आमची आजी म्हणाली असती. धाकटीला रागावू नका. भावाच्या काळजीनं एवढं करणारी बहीण मिळायला भाग्य लागतं.

---

सोलापुरी_शेंगा | २१ जानेवारी, रात्री ११.१२

हसलो भरपूर, पण यातली दुखरी बाजू माझ्या ओळखीची आहे म्हणून लिहितो.

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या सोलापुरात नवरदेव मोर्चा निघाला होता. बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. टीव्हीवर गंमत म्हणून दाखवलं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितलं होतं. त्या पोरांमध्ये शेतकरी होते, छोटे दुकानदार होते, आणि त्यांची मुख्य मागणी होती ती गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा ही. फेटे बांधलेली पोरं सरकारला सांगत होती की आमच्या बरोबरीच्या मुली जन्मालाच आल्या नाहीत.

आकडे बघा. ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली: महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३, २०११ मध्ये ८९४. सांगली जिल्ह्याचा २००१ चा आकडा ८५१. द्राक्षवेलताई, तुमचा भाचा ३० चा म्हणजे २००१ मध्ये तो याच गटात मोजला गेला असणार. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ सालीच. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा होता आणि तरी ही पिढी अशी मोजली गेली. मुलगी मिळत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक गावानं आधी हे बोलावं असं मला फार वाटतं.

बायोडाट्याबद्दल: कर्जाची ओळ ठेवा. सोसायटीचं कर्ज नसलेला बागायतदार मी अजून बघितला नाही, आणि हे मुलीच्या बापालाही माहीत असतं.

---

मोगरा_सातारी | २२ जानेवारी, सकाळी ८.१५

सोलापुरी_शेंगा, आकडे खरे आहेत, पण अर्धेच सांगतात. मी शेतकऱ्याची मुलगी, पुण्यात नोकरी करते, आणि मी स्वतः शेतकरी स्थळं नाकारली आहेत. कारण ऐकून घ्या.

'शेतकरी नको' म्हटलं की मुलींना शहराची हौस, मॉलची हौस, असं बोललं जातं. मी आईला बघितलंय. पहाटे उठून स्वयंपाक, मग शेत, मग परत स्वयंपाक. द्राक्षाच्या सीझनला डबे बांधून माणसांमागं. आणि वर्षाच्या शेवटी पट्टी आली की पैसे वडिलांच्या खात्यात. आईला दोनशे रुपये हवे असले तर कारण सांगावं लागायचं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. वडील वाईट नव्हते हो, रीतच तशी.

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला प्रचंड संख्येनं बायका जमल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा म्हणून. काही गावांनी केलं. आमच्या गावानं नाही केलं. केलं असतं तर मी वेगळा विचार केला असता का? हो, केला असता.

म्हणून धाकटीची 'आई जाते म्हणून तिने जावे असेही नाही' ही ओळ वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले. हे पंधराव्या वर्षी तिला कळलं, कारण ती रोज तिच्या आईला बघते. द्राक्षवेलताई, तुमचा प्रश्न होता, पुढं बोलाल का. मी बोलले असते. पण दोन ओळी आणखी विचारल्या असत्या: घरातला पैसा कुणाच्या हातात असतो, आणि जमिनीत सुनेचं नाव लागणार का. त्या धाकटीला लिहायला लावू नका. त्यांचं उत्तर तिच्या वडिलांनी द्यायचं आहे.

---

खानापूरचा_वारा | २२ जानेवारी, सकाळी ९.०२

ताई, अवांतर विचारतो. वाण कुठला? आणि पेटीला काय दर ठरला?

---

द्राक्षवेल | २२ जानेवारी, सकाळी ९.३०

@मोगरा_सातारी, तुमचा प्रतिसाद वहिनीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "दोनशे रुपयांचं खरं हाय." बाकी काही बोलली नाही. भावाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण थोड्याच वेळात त्याचा मला फोन आला की सातबाऱ्याचं कसं करायचं असतं, तलाठ्याकडं काय द्यावं लागतं. तुमचे आभार.

@खानापूरचा_वारा, सोनाका आणि थोडी तास-ए-गणेश. दर थोरल्याला विचारून सांगते.

---

खानापूरचा_वारा | २२ जानेवारी, सकाळी ९.४१

तास-ए-गणेश अजून ठेवलीय हे वाचून बरं वाटलं. तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन या जुन्या वाणातून निवडलेला वाण तो. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळेंची. शेतकऱ्यांनी आपल्या बागेत शोधलेले वाण आहेत हे, अख्ख्या भागाचं अर्थकारण त्यांच्यावर उभं राहिलं. अशा भागातल्या पोराला 'शेती आहे म्हणून नको' ऐकावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

एक सांगून ठेवतो, थोरल्याला पोचवा. व्यापारी ओळखीचा असला तरी आधारची प्रत घ्या, सौदा कागदावर करा, आणि माल उचलायच्या आधी पैसे. माल नेऊन गायब झालेले लोक दर सीझनला निघतात. साखर १८ च्या आसपास आली असेल तर घाई व्यापाऱ्याला असते, तुम्हाला नाही.

---

बोरीबाभळी | २२ जानेवारी, सकाळी १०.१०

धागा स्थळाचा, आणि पहिला सविस्तर सल्ला मालाच्या सौद्यावर. जे ओसरीवर झालं तेच इथं होतंय.

---

नकाशा | २२ जानेवारी, दुपारी १.२०

आमच्या घरचा किस्सा सांगतो, तोही असाच भाबड्या मनानं झालेला.

माझ्या ताईला तिच्या ऑफिसातला एक मुलगा आवडत होता. हे फक्त आमच्या धाकट्याला माहीत होतं, तेव्हा तो १४ वर्षांचा. आजोबा पत्रिका पक्की बघणारे. धाकट्यानं ठरवलं की आजोबांना आधीच गुण दाखवले की काम सोपं. त्याच्याकडं मुलाची जन्मवेळ नव्हती. मोबाइलवरच्या गुणमेलनाच्या ॲपमध्ये त्यानं ताईचीच तारीख, वेळ, गाव दोन्हीकडं भरलं. उत्तर आलं २८. ३६ पैकी १८ च्या वर चालतं हे त्याला माहीत होतं. आनंदानं त्यानं त्याची प्रिंट काढली आणि 'मुलाचं स्थळ आलंय, गुण जुळतात' म्हणून आजोबांच्या हातात दिली.

आजोबा प्रिंट घेऊन गुरुजींकडं. गुरुजींनी चष्मा पुसून विचारलं, "मुलगाही त्याच दिवशी, त्याच मिनिटाला, मिरजेतच जन्मला? जुळा भाऊ की काय?" मग त्यांनी समजावून सांगितलं: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. पत्रिका स्वतःशीच ताडली तर सगळं पूर्ण जुळतं, फक्त एक नाडी आल्यामुळं आठ गुण जातात. ३६ वजा ८ म्हणजे बरोबर २८. धाकटा तिथंच रडायला लागला आणि ऑफिसातल्या मुलाचं नाव सांगून मोकळा झाला.

खरी पत्रिका ताडली तेव्हा गुण आले ११. पण तोवर आजोबा त्या मुलाला भेटून आले होते आणि तो त्यांना आवडला होता. लग्न झालं. आता ताईची मुलगी शाळेत जाते. आजोबांनी गुणांचा विषय नंतर कधी काढला नाही.

---

मु_पो_गुहागर | २२ जानेवारी, दुपारी १.४४

'जुळा भाऊ की काय'! बसमध्ये हसतेय, लोक बघताहेत.

---

जुनं_खोड | २२ जानेवारी, दुपारी ३.०५

सगळे कौतुक करताहेत, मला मात्र हे पटलेलं नाही. लग्न ही दोन घरांची गोष्ट. पंधरा वर्षांच्या मुलीनं वडिलांचा फोन घेऊन घरातलं कर्ज शेकडो लोकांपुढं मांडायचं? मुलगा खाली मान घालून ऐकून घेणारा आहे म्हणून ठीक. दुसऱ्या एखाद्याच्या मनाला लागलं असतं. हसण्यावारी नेलं तर मूल उद्या आणखी काही करेल.

---

पाटी_पेन्सिल | २२ जानेवारी, दुपारी ४.५०

मी माध्यमिक शाळेत शिकवते, याच वयाची मुलं रोज समोर असतात. जुनं_खोड यांच्याशी निम्मी सहमत आहे, वेगळ्या कारणानं.

बायोडाट्यात जन्मतारीख, जन्मवेळ, पूर्ण पत्ता, वडिलांचा आणि कधी कधी मामांचाही नंबर असतो. हे उघड्या ग्रुपवर पडलं की कुठवर जाईल सांगता येत नाही. लग्नाच्या नावाखाली फसवणारे हेच शोधत असतात. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, नोंदणी करणाऱ्याची ओळख तपासा वगैरे. पण तुमच्या-माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण तपासणार? तेव्हा पहिल्या बायोडाट्यात गाव, शिक्षण, वय एवढंच असू द्या. नंबर मध्यस्थाचा. पत्ता आणि जन्मवेळ बोलणं पुढं गेल्यावर. आणि येणारे फोन धाकटीनं मुळीच घेऊ नयेत, पंधरा वर्षांच्या मुलीशी अनोळखी पुरुष काय बोलतील याचा भरवसा नाही.

पण तिचा फोन बंद करणं, तिला 'तुला काय कळतं' म्हणणं, हे करू नका. या वयात मुलं घरातलं दुःख बघतात आणि त्यांना काहीतरी करायचं असतं. वर्गात मी हे फार बघते. कुणी आईची औषधं लपून आणतं, कुणी बापाची बाटली ओतून टाकतं. या मुलीनं दादासाठी लिहिलं. पुढच्या वेळी लिहून आधी दादाला दाखवायचं, एवढंच तिला सांगा. ज्याचं लग्न आहे त्याला विचारणं महत्त्वाचं, आणि हे मोठ्यांनाही लागू आहे.

---

द्राक्षवेल | २२ जानेवारी, रात्री ९.१५

@जुनं_खोड, तुमची काळजी समजते. मी थोरल्यालाच विचारलं, मनाला लागलं का. तो म्हणाला, "आत्या, लोक नकार देताना जे सांगत न्हाईत ते तिनं आधीच सांगून टाकलं. आता जी येईल ती सगळं माहीत असून येईल." मला यापुढं काही बोलायचं उरलं नाही.

@पाटी_पेन्सिल, नंबर आणि पत्ता काढून टाकला. आता संपर्काला माझा नंबर आहे. धाकटीनं नवा मसुदा दादाला दाखवला. त्यानं एकच बदल केला: 'कर्ज दादा फेडतो' होतं तिथं 'बाबा आणि दादा फेडतात' केलं. भाऊ ते वाचून उठून गोठ्यात गेला. बायोडाट्याला त्याचा विरोध आता नाही.

@खानापूरचा_वारा, कागद केला. दर सांगू नको म्हणाला थोरला.

---

खानापूरचा_वारा | २२ जानेवारी, रात्री ९.२०

म्हणजे चांगला मिळाला. अभिनंदन.

---

द्राक्षवेल | २९ मार्च, रात्री ८.३०

धागा वर काढते. बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

त्या पहिल्या मेसेजची पीडीएफ एका माणसानं उघडली होती. कवठेमहांकाळकडचे बागायतदार. त्यांनी तेव्हा फोन केला नाही, बायोडाटा मुलीला दाखवून ठेवला. मुलगी मिरजेला एका लॅबमध्ये नोकरी करते. फेब्रुवारीत तिचा स्वतःचा फोन आला, भावाच्या नंबरवर. म्हणाली, ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्याशी बोलायचंय. वहिनीनं स्पीकर लावला आणि धाकटीला समोर बसवलं. मुलीचा पहिला प्रश्न: "एक एकर यंदा का धरली नाही?" धाकटी म्हणाली, "पैसे नव्हते." पलीकडून मुलगी म्हणाली, "आमची पण निम्मीच धरलीय."

मग थोरला आणि ती मिरजेत भेटले, मधली सोबत होती. इथं धाकटीचा दुसरा पराक्रम. दादा बोलत नाही म्हणून तिनं त्याच्या खिशात चिठ्ठी घालून दिलेली, काय काय बोलायचं त्याची. चहा आला, थोरला गप्प, हात सारखा खिशाकडं. मुलीनं विचारलं, काय आहे त्यात? त्यानं सरळ चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिनं वाचली. 'पाणी आधी तिला विचार. हवामानावर बोलू नको. द्राक्षावर बोलू नको. बिल तू दे. मध्ये मध्ये हस.' मधली सांगते, त्यानंतर तासभर दोघं हवामान आणि द्राक्षावरच बोलले. डाऊनी रोगावर तिच्या वडिलांनी यंदा कुठली फवारणी घेतली इथपर्यंत.

ठरलेलं काही नाही. मुलीनं तिच्या अटी स्पष्ट सांगितल्या आहेत: नोकरी चालू राहील, पगार तिच्या खात्यात राहील, आणि जमिनीत नाव हवं. पहिल्या दोन थोरल्यानं तिथंच मान्य केल्या. तिसरीसाठी भावानं आधी वहिनीचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज दिलाय. सुनेचं पुढं बघू म्हणतो. मुलीला तसंच कळवलंय, गोड करून नाही. तिनं विचार करायला वेळ मागितलाय आणि तो तिला मिळायलाच हवा. थोरला रोज रात्री हवामान बघतो, आता कवठेमहांकाळचंही.

@मोगरा_सातारी, तुमच्या दोन ओळी मुलीनं न सांगता विचारल्या, म्हणून तुम्हाला खास कळवलं.

एप्रिल छाटणी उरकली की थोरला, मधली आणि भाऊ तिच्या गावी जाणार आहेत. धाकटीला नेणार नाही असं थोरल्यानं बजावलंय. तिनं कपडे काढून ठेवलेत.

---

खानापूरचा_वारा | २९ मार्च, रात्री ८.५२

कवठेमहांकाळकडचं पाणी कसं आहे ते जाताना बघून या म्हणावं. आणि धाकटीला न्या हो.